पाठ उघडायची का

करंजीचा घाट उतरताना अब्बांनी डोळे उघडले आणि विचारलं, “आलं का घर?”

“आलंच. तिसगाव दिसाया लागलं,” शकिला म्हणाली. गाव अजून दिसत नव्हतं. पण पुणं सोडल्यापासून हा प्रश्न इतक्यांदा झाला होता, की खरं उत्तर द्यायचाही तिला कंटाळा आला होता.

सासऱ्यांना मागच्या सीटवर आडवं घातलं होतं आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन ती दाराला टेकून बसली होती. गाडी वळली की पाय घसरायचे, ती पुन्हा ओढून घ्यायची. ज्यांचे पाय त्यांना पत्ता नव्हता. ऊसतोडीला निघणाऱ्या सगळ्या पंचक्रोशीच्या बैलांना ज्या नबीलाल नालबंदाने जन्मभर पत्र्या ठोकल्या, त्याला आता स्वतःच्या पायात चप्पल आहे की गळून पडली, हे दुसऱ्याला विचारावं लागत होतं.

पुढे ड्रायव्हरशेजारी तिचा धाकटा दीर रिझवान बसला होता. जाताना त्याच्याच तोंडाचा पट्टा चालू होता. चाकणला कंपनीत त्याच्यासोबत काम करणाऱ्या कुणाच्या तरी मामाला असंच झालं होतं म्हणे. जांघेतून बारीक नळी घातली, डिंकासारखं औषध सोडलं आणि मामा आपल्या पायांनी घरी गेला. येताना मात्र रिझवान नुसता काचेबाहेर बघत होता. नळी आत गेली होती, फोटो निघाले होते, आणि औषध न सोडताच डॉक्टरांनी ती बाहेर काढली होती.

घरी गेल्यावर हे सांगायचं शकिलाच्या जिवावर आलं होतं.

दारात सबिहा उभी होती. नणंद शेवगावहून सकाळीच आली होती आणि बापाचं काम फत्ते झालं असं धरून तिने शेवयांची खीर करून ठेवली होती. शकिलाच्या नवऱ्याने, परवेझने, वेल्डिंगचं दुकान बंद ठेवलं होतं. दोघा भावांनी चादरीची झोळी करून बापाला आत नेलं. एकाने डोक्याकडून धरलं, एकाने पायाकडून. “जरा वर,” “हळू,” एवढं बोलणं झालं. एकमेकांच्या तोंडाकडे कुणी बघितलं नाही.

स्वयंपाकघरात सबिहाने वाटी पुढे केली. “झालं ना भाभी सगळं नीट?”

“न्हाई झालं.”

“म्हंजी?”

“औषध सोडताच आलं न्हाई. तसंच मागारी आनलं.”

“अगं, पन रिझवान तर म्हनला —”

“त्याला काय ठावं हुतं? आत जाऊन बघितल्याबिगर त्या डॉक्टरीनबाईंना तरी कुठं ठावं हुतं?” शकिला पाटावर बसली. खीर तिने बाजूला ठेवली. समजावून सांगायची ताकद नव्हती, पण सबिहा आता पाठ सोडणार नाही हेही माहीत होतं. “तुमच्या कॅनालकडच्या वावराचं काय झालं सांग बरं.”

“ते व्हय? चिबाडलं न्हवं का.”

“कशानं?”

“वरची चारी फुटली अन् पानी निचऱ्याच्या चरात शिरलं. चरच तुंबला म्हनल्यावर वावराचं पानी जानार कुठं? कपाशी उभी वाळली. पान्यात असून वाळली.”

“मग तसंच. मणक्याच्या आत मेंदूपासनं खाली आलेली दोरी असती. तिच्यातलं वापरलेलं रगत वाहून न्यायला शिरा असत्यात. अब्बाच्या पाठीत त्यातल्या एका शिरंला भलतीकडनं एक जोराची रगतवाहिनी येऊन चिकटलीया. जोराचं रगत उलटं घुसतंय. शिरा फुगल्या अन् दोरी चिबाडली. पाय त्या दोरीवर चालत्यात. लघवी बी.”

 वावर सबिहाच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असणार. “मग फुटलं तिथं बुजवायचं.”

“तेच बुजवाया गेल्तो. पन ज्या वाहिनीतनं डिंक सोडायचा, तिचीच एक बारीक फांदी त्या दोरीला रगत देती. डिंक जरासा तिकडं वळला की जे थोडं हलतंय ते बी गेलं. म्हनून बाईंनी हात आवरला.”

“आता?”

“आता पाठ उघडायची. थोडं हाड काढून ती एवढी शीर बंद करायची. न्हाईतर काहीच करायचं न्हाई अन् हाय ते बी जाताना बघायचं.”

सबिहाने तोंडाला पदर लावला. शकिलाला वाटलं, आता हिची समजूत घालावी लागणार. पण तिला खरोखर उठवेना. ती तशीच भिंतीला टेकून राहिली.

असरची नमाज झाली आणि सगळे पुढच्या खोलीत अब्बांच्या बाजेभोवती जमले. परवेझने खुर्ची घेतली, सबिहा बापाच्या उशाशी बसली, रिझवान उंबऱ्याजवळ उभा राहिला. बाजेच्या कडेला लघवीची पिशवी लटकत होती. परवेझ नेहमीसारखा तिच्याकडे पाठ होईल असा बसला होता. बापासाठी तो हाडं झिजवेल, रात्रीबेरात्री नगर गाठेल, पण त्या नळीकडे त्याला बघवत नसे. एकदा प्रयत्न केला तेव्हा घेरी येऊन पडता पडता राहिला. तेव्हापासून पुसणं, धुणं, पिशवी रिकामी करणं शकिलाकडे आलं. पहिल्यांदा सासऱ्यांनी चेहरा उपरण्याने झाकून घेतला होता. आता कुणी चेहरा झाकत नव्हतं. थकल्यावर माणसाची लाजही थकते.

“मी पाठ उघडू देनार न्हाई,” परवेझ म्हणाला. “मिरीच्या हर्षलच्या बापाचं काय झालं? कंबर दुखती म्हनून ऑपरेशन केलं. चालत गेल्ता. अजून हातरुणात हाय.”

“त्याचा आजार येगळा हुता, भाई,” रिझवान म्हणाला.

“तू डॉक्टर झाला का?”

“मी न्हाई. बाई म्हनल्या. शीर बंद करायचं काम बहुतेक होतंच. गेलेलं किती माघारी यील ते सांगता येत न्हाई. पाय जरा तरी येत्यात, लघवीचं कमी. पन थांबलो तर —”

“बाई आधी काय म्हनल्या हुत्या? डिंकानं भागंल. भागलं? उद्या पाठ उघडल्यावर म्हनत्याल, आता मान उघडू.”

सबिहाने थोरल्या भावाची बाजू घेतली. “भाईचं बी खरं हाय. अब्बाचं वय बघा. टेबलावरच काय झालं तर? निदान समोर हायेत. बोलत्यात, जेवत्यात.”

शकिला कोपऱ्यात बसून ऐकत होती. आता दोघं एकीकडे, रिझवान एकटा. गेली दोन वर्षं तो एकटाच होता.

तेवढ्यात दारात खाकरणं ऐकू आलं. ऊसतोड टोळीचा मुकादम सूर्यभान आला होता. कारखान्याला निघायची वेळ होत आली होती, तरी अब्बा पुण्याहून आल्याचं कळताच तो आला. आत येऊन तो कधीच खुर्चीवर बसत नसे. आजही जमिनीवरच बसला.

“नबीभाऊ, कसं काय?”

“हाय तसंच हाय, सूर्यभान.”

सूर्यभानाने मान खाली घातली. बैल त्याचाच होता. कारखान्याला जायच्या आधी पत्र्या मारायला आणलेला, मोठा, तापट. अब्बांनी त्याला नेहमीसारखा पाडला, पाय बांधायला घेतले, आणि दोर धरलेल्या रिझवानचा हात निसटला. लाथ कमरेत बसली. थोडे दिवस पडून राहून अब्बा पुन्हा कामाला लागले. पण पुढे काही महिन्यांत पाय जड व्हायला लागले. मग काठी आली, मग नळी आली. गावात एकच बोललं गेलं, बैलाची लाथ. आणि घरात एकच बोललं गेलं, रिझवानचा दोर. बोलणारा परवेझ होता. भर जेवणावर एकदा बोलला आणि रिझवान हात धुऊन उठला तो चाकणला गेला. ईदेपुरता यायचा.

“काय ठरतंय मग?” सूर्यभानाने विचारलं.

“धाकटे साहेब म्हनत्यात पाठ फाडा,” परवेझ म्हणाला. दिवसभराचा थकवा त्याच्या आवाजात खरखरत होता. “ज्याला दोर धरता आला न्हाई, तो आता आमाला औषध सांगतोय.”

 रिझवानने चौकटीवर हात ठेवला होता, तो काढला नाही.

शकिलाला पुण्याचा जिना आठवला. तिथे डॉक्टरबाईंनी तिला आणि रिझवानला बाहेर घेऊन सगळं सांगितलं होतं. लाथेचं रिझवानने स्वतःच विचारलं. बाई म्हणाल्या, “लाथेमुळे झालं असं मला वाटत नाही. या वयाच्या पुरुषांत हा आजार आपोआप होतो. का होतो ते आम्हालाही अजून नीट माहीत नाही.” आणि मग त्यांनी उलट विचारलं, मधे कधी स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली होती का, त्यानंतर पाय एकदम गेले होते का. दिली होती. नगरला कमरेच्या फोटोत मणक्यातली एक गादी सरकलेली दिसली होती आणि तिच्यावरच इलाज चालला होता. इंजेक्शन लगेच द्या म्हणून परवेझच डॉक्टरांच्या मागे लागला होता, त्याच्या साडूला त्याने गुण आला होता. त्याच संध्याकाळी अब्बांचे पाय लुळे पडले. नंतर अर्धेमुर्धे आले. “या आजारात त्याने बिघडतं,” बाई म्हणाल्या. “पण तो आजार तेव्हा कुणाला दिसला नव्हता. कमरेच्या वर कुणी बघितलंच नव्हतं. देणाऱ्यांचा दोष नाही.”

जिना उतरताना रिझवानने तिला थांबवलं होतं. “भाभी, इंजेक्शनचं भाईला सांगायचं न्हाई.”

“का?”

“तो मरंल.”

आणि आता भाई बोलत होता, आणि रिझवान चौकट धरून ऐकत होता.

“अवो,” शकिला म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं, कारण बैठकीत ती सहसा बोलत नसे. “लाथेनं न्हाई झालं हे. बाईंनी माझ्या तोंडावर सांगितलं. लाथ बसली नसती तरी झालं असतं.”

“काय?” परवेझ म्हणाला.

“आपोआप होतं म्हनल्या. बैलाचं न्हाई, दोराचं बी न्हाई.”

सूर्यभान तिच्याकडे बघतच राहिला. मग त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मी तो बैल इकला, नबीभाऊ,” तो म्हणाला. “घोडेगावच्या बाजारात. लई गुनाचा हुता. पन घरी बांधवंना.” 

“आपोआप कसं होईल?” परवेझचा आवाज चढला. “काहीतरी झाल्याबिगर होतं का?”

“तेच तर,” सबिहा म्हणाली. तिच्या मनात काही नव्हतं, ती नुसती आठवत होती. “अन् हळूहळू हुतं म्हनावं तर त्या दिशी एकदम कसे गेले पाय? नगरला इंजेक्शन दिलं अन् सांजंला —”

शकिलाने रिझवानकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं. दोन वर्षांचं सगळं एका वाक्यात फिटलं असतं, आणि सूर्यभानासारखा साक्षीदारही समोर होता.

“आजार वाढत हुता, तवा वाढला,” रिझवान म्हणाला. “त्याचं काय आता. पुढचं बोला.”

परवेझ काही बोलणार होता, पण बाजेवरून आवाज आला. “झालं का तुमचं? समदे भाईर जा. शकिलाला थांबू द्या.”

सगळे बाहेर गेले. सूर्यभान जाताना रिझवानच्या खांद्यावर हात ठेवून गेला, ते शकिलाने पाहिलं.

अब्बा आढ्याकडे बघत होते. “बस,” ते म्हणाले. ती बाजेच्या कडेवर टेकली.

“मला कटाळा आलाय गं.”

“मला बी,” शकिला म्हणाली.

त्यांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. असं उत्तर या घरात गेल्या दोन वर्षांत त्यांना कुणी दिलं नव्हतं. “म्हनूनच म्हनतो, नको ते. पाठ उघडून अजून काय वाईट झालं तर तुझ्याच गळ्यात. असाच पडून राहतो. तुला तेवढाच तरास कमी.”

“तुमच्या नको म्हनन्यानं माझा तरास कमी न्हाई व्हायचा, अब्बा. वाढंल.” आपण हे बोलतो आहोत याचं तिलाच नवल वाटलं, पण आता थांबायची शक्ती तिच्यात नव्हती. “आज तुमी उजवा पाय जरा टेकता, म्हनून मी एकटी तुमाला खुर्चीवर घेते. तो बी गेला तर माझ्यानं न्हाई उचलायचं. मी काय आता तरनी न्हाई. मग तुमी दिवसभर पडून राहाल, पाठीला जखमा व्हत्याल, अन् मी त्या धूत बसंन. मला तसं न्हाई करायचं.”

अब्बांनी तोंड पुन्हा आढ्याकडे वळवलं. तिला वाटलं, दुखवलं आपण. मग ते हसले, अगदी नाकातल्या नाकात. “तू तरी सरळ बोलती. बाकीचे नुसती फुंकर घालत्यात.”

“भ्या वाटतंय का?”

“वाटतंय. पालथं घालून करत्यात म्हने. सारा जनम मी बैलं पाडली. पाय बांधले की कसा डोळा फिरवतो बैल, ते मला ठावं हाय.” त्यांनी उशीवर मान सरळ केली. “करा मग. पन सही परवेझनं करायची.”

“त्यांचा तर इरोध हाय.”

“म्हनूनच. रिझवाननं केली अन् काही बरंवाईट झालं, तर पुन्हा त्या पोराच्याच डोक्यावर जानार. आता नको त्याच्यावर. थोरल्याला भ्या वाटंल सही करताना. वाटू दे. थोरल्यानं बी कधी भ्यावं.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “अन् त्या इंजेक्शनचं तू बी सांगू नको.”

शकिला दचकली. “तुमाला कुनी सांगितलं?”

“बाई मलाच आधी इचारून गेल्त्या, इंजेक्शन दिलं तवा पाय गेले का म्हनून. मी काय दुधखुळा हाय? व्हय म्हनल्यावर त्यांनी मान हलवली. तेवढ्यात कळलं.” त्यांनी डोळे मिटले. “परवेझनं माझ्यासाठीच केलं ते. जा, बोलव त्याला.”

परवेझने सही केली. पुण्याच्या दवाखान्यात कागद समोर आला तेव्हा त्याने पेन दोनदा खाली ठेवलं. डॉक्टरबाईंनी त्याला सगळं पुन्हा सांगितलं, रक्तस्राव होऊ शकतो, पाय आणखी जाऊ शकतात, आणि काहीच केलं नाही तर ते जाणारच आहेत. त्याने शकिलाकडे बघितलं. तिने मान हलवली नाही की डोलावली नाही. तिचं सांगून झालं होतं. मग त्याने नाव लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं, अक्षर अक्षर करून.

ऑपरेशन चालू असताना दोघे भाऊ एकाच बाकावर बसले होते, मधे जेवणाची पिशवी ठेवून. शकिला समोर तस्बीहचे मणी ओढत होती, पण तिचं मन त्यात लागत नव्हतं. ते कशातच लागत नव्हतं. बाई बाहेर आल्या, चेहऱ्यावरचा मास्क खाली करून म्हणाल्या, “शीर बंद झाली. फुगवटा आमच्या डोळ्यांदेखत उतरला. आता पाय किती येतात ते त्यांचं शरीर ठरवेल. घाई करू नका.”  रिझवान तोंड धुवायला म्हणून गेला आणि बऱ्याच वेळाने आला.

सोडायच्या दिवशी एक तरुण डॉक्टर परवेझला गोळ्या समजावून सांगत होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, “मागे स्टिरॉइड दिल्यावर यांचे पाय एकदम गेले होते ना, या आजारात तसं होतं. पण आता ती शीर बंद आहे, त्यामुळे ती काळजी राहिली नाही.”

“तसं हुतं म्हंजी?” परवेझने विचारलं.

“म्हणजे स्टिरॉइडने बिघडतं. तेव्हा आजार कळला नव्हता, त्यामुळे कुणाला काय कल्पना असणार. या गोळ्या जेवणानंतर.”

शकिला दाराशी होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरताना तिने पाहिलं. गोळ्यांची पिशवी घेऊन तो बाहेर आला आणि भिंतीला लागून उभा राहिला.

“तुला ठावं हुतं?”

“व्हय.”

“त्याला?”

“त्याला बी. त्यानंच सांगितलं, तुमाला सांगू नको.”

रिझवान व्हीलचेअर घेऊन येत होता. परवेझ त्याच्याकडे बघत राहिला, तो जवळ येईपर्यंत.

“त्या दिशी सूर्यभानकाकापुढं मी तुला एवढं बोललो,” तो म्हणाला. “तू का न्हाई बोलला?”

रिझवानने व्हीलचेअरचा ब्रेक लावला. “काय बोलायचं हुतं, भाई? आपल्या दोघातला एक तरी झोपत हुता.”

 तेवढ्यात आतून सिस्टरची हाक आली. कायमची नळी काढली होती. आता दिवसातून काही वेळा स्वच्छ नळी घालून लघवी काढायची आणि नळी काढून टाकायची. घरचं कोण करणार? त्याने हात धुऊन यावं, शिकवून ठेवते.

शकिला सवयीने पुढे झाली. बांगड्या मागे सारल्या.

“मी करतो,” परवेझ म्हणाला.

“तुमाला जमायचं न्हाई. घेरी यील.”

“आली तर बसंन.”

तो आत गेला. अर्ध्या उघड्या पडद्यातून तिला त्याची पाठ दिसत होती. सिस्टर सांगत होती, तो मान हलवत होता. मधेच त्याने खाटेची कड घट्ट धरली आणि डोकं खाली घातलं. “थांबा जरा,” सिस्टर म्हणाली. तो थांबला. अब्बा छताकडे बघत होते. “हळू, बाळ,” ते म्हणाले, बैलाला धीर द्यायचे त्याच आवाजात. परवेझने पुन्हा हात पुढे केला. पडदा रिझवानने ओढून घेतला.

तिसगावात थंडी पडली तेव्हा सूर्यभानाची टोळी केव्हाच कारखान्यावर गेली होती. तो फोन करून विचारायचा, “किती चाललं?” सांगण्यासारखं फार नव्हतं. उजवा पाय बराच आला होता. डावा ओढावा लागायचा. वॉकर धरून अब्बा अंगणापर्यंत जात आणि तिथे दम खात उभे राहत. लघवीचं काही परत आलं नव्हतं, येईल असं कुणी म्हणतही नव्हतं. डॉक्टरबाईंनी वर्षभर वाट बघायला सांगितली होती. जे थांबवायचं होतं ते थांबलं होतं, तेवढ्याचीच या घराला हळूहळू सवय होत होती. रिझवान आता महिन्यातून एकदा येऊ लागला होता आणि आला की दुकानात परवेझच्या शेजारी बसून असायचा. दोघं फारसं बोलत नसत. पण चहा एकाच किटलीतून घेत.

एके दिवशी दुपारी जोहरची नमाज झाल्यावर शकिला पाठ टेकावी म्हणून चटईवर आडवी झाली. भांडी तशीच होती. अब्बांची वेळ झाली होती, पण परवेझ दुकानातून येऊन हात धूत असल्याचा आवाज तिने ऐकला आणि त्यापुढचं तिला काही कळलं नाही.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन गेलं होतं. बाहेर परवेझ फोनवर बोलत होता. पलीकडे सबिहा असावी, तिच्या बोलण्याची कलकल इथपर्यंत येत होती.

“झोपलीया,” परवेझ म्हणाला. मग थोडा वेळ ऐकून घेऊन, “न्हाई गं, आजारी न्हाई. नुसती झोपलीया.” आणि पुन्हा, “मी न्हाई उठवत. तुझं काम मला सांग.”

शकिला पुरती जागी झाली होती. तिने चादर खांद्यावर ओढून घेतली आणि डोळे उघडले नाहीत.